बाबाचं मऊ बेसन

गज्या,

तुझे तीन कॉल आले, तिन्ही मी पाहिले अन् उचलले नाही. पोरीच्या बारशालेही आलो नाही. रागावला असशील तर रागाव, वहिनीले तोंड कसं दाखवायचं ते मी पाहीन. पण हे फोनवर बोलता येत नव्हतं बे. आमच्या घरात कुठूनही बोला, बाबाच्या खाटेपर्यंत आवाज जातेच. म्हणून कोठ्यात बसून टाईप करून राहिलो, बैल बाजूले, मच्छर वरून.

माझी तब्येत बरी आहे, कंबर तशीच. बाबाले टीबी निघाला.

घाबरू नको, आता ठीक आहेत. मेमध्ये खोकला, संध्याकाळी ताप, अन् धोतर दोनदा गुंडाळावं लागे इतके उतरले. मी म्हणत होतो उन्हाचं असंल. थुंकी तपासली, फोटो काढला, जूनच्या पहिल्या आठवड्यात गोळ्या चालू झाल्या. सहा महिन्यांचा कोर्स आहे, सकाळी अनशापोटी घ्यायच्या, एक दिवस चुकवायच्या नाही. गोळीनं लघवी नारंगी होते हे कोणी आधी सांगितलंच नव्हतं, पहिल्या दिवशी बाबा मोरीतून ओरडले, मी धावलो, तर म्हणतात, "मन्या, नागपुरी संत्रा निघाला रे." त्या दिवशी घरात महिन्याभरानं कोणी हसलं. आम्हा सगळ्यांचीही तपासणी झाली, कोणाले नाही. पण बारशाची तारीख त्याच हप्त्यात होती, रिपोर्ट यायचा होता, अन् लहान्या लेकराजवळ मी कसा येऊ, सांग. हे तेव्हाच सांगायले पाहिजे होतं. टीबी शब्द तोंडातून निघत नव्हता.

आता मुद्दा. बाबाचं वजन 41 किलो भरलं. डॉक्टर म्हणे, औषध जंतू मारते, पण अंग भरून येते ते ताटातल्या अन्नानं, पहिल्या दोन महिन्यांत वजन वाढलं पाहिजे. त्यांनी झारखंडमधली गोष्ट सांगितली, तिथं टीबीच्या पेशंटले अन् घरच्यांले दर महिन्याले रेशन दिलं, तर घरातल्या बाकी माणसांले टीबी होण्याचं प्रमाण 39 टक्क्यांनी कमी झालं, 2023 मध्ये ते छापून आलं. नुसतं धान्य, डाळ, दूधपावडर, तेल, अन् वरून जीवनसत्त्वाच्या गोळ्या. मी म्हटलं बरोबर आहे, सरकारचेही खाण्यासाठी महिन्याले 1000 रुपये खात्यात येतात, आणतो डाळ. तर डॉक्टर म्हणे, "रोज दोन अंडी द्या." माझ्या पोटात गोळा आला. बाबा तिथंच स्टुलावर बसले होते. गळ्यातल्या माळेवर हात ठेवला अन् म्हणाले, "ते सोडून सांगा, डॉक्टर साहेब."

आता तुले कळलं असंल मी हे तुलेच काहून लिहून राहिलो.

आठवीतलं आठवते ना? नाल्यावर, डालड्याच्या डब्यात, सहा अंडी. बाबांनी मारलं नाही, जानेवारीत विहिरीवर दोघांच्या डोक्यावर चार चार बादल्या ओतल्या अन् स्वतः दिवसभर जेवले नाही. आईनं ताट वाढून झाकून ठेवलं होतं. मले अजूनही वाटते चुगली तूच केली होती. तू म्हणतो तोंडाच्या वासानं धरले गेलो. लेका, वास येत असता तर आधी तुझ्या घरी आला असता. जाऊ दे. पण कबूल कर एकदा, मरायच्या आधी.

तर हे सगळं माहीत असून मी काय केलं, तर बाबाच्या बेसनात अंडं घातलं.

मीच केलं. बायको नको नको म्हणत होती, नंतर गप बसली. बेसन शिजत आलं की फेटलेलं अंडं बारीक धारेनं सोडायचं अन् हलवत राहायचं, गुठळी होत नाही, पिवळ्यात पिवळं मिसळून जाते. वरून लसणाची खमंग फोडणी, की वास खतम. अंडी बियाण्याच्या ड्रममध्ये लपवायचो, टरफलं उकिरड्यात खोल पुरायचो. एक दिवस आपल्या मोत्यानं उकरून अंगणात आणून टाकलं, बाबाच्या खाटेसमोर. मी श्वास धरून उभा. बाबांनी पाहिलं, म्हणाले, "बाजूच्यांची कोंबडी इकडं घालून राहिली वाटते, नेऊन दे त्यांले." मी टरफल खिशात घालून शेतात निघून गेलो, कोंबडीवाल्याकडं काय नेऊन देऊ, कपाळ?

पण त्याच्या आधी, पहिल्याच दिवशी, बाबा भाकरीचा तुकडा बेसनात बुडवून खाऊन राहिले होते अन् थांबले. मले वाटलं मेलो. तर म्हणतात, "आज मऊ झालं रे. तुझ्या मायच्या हातासारखं." अन् आणखी मागितलं. बोटं चाटली त्यांनी, गज्या. दोन महिन्यांत पहिल्यांदा दुसऱ्यांदा वाढून घेतलं. आईचं नाव घेऊन.

असे अकरा दिवस चाललं. मग आषाढी आली. तुले माहीत आहे, आषाढी ते कार्तिकी आमच्याकडं कांदा, लसूण, वांगं बंद. लसणाशिवाय वास कसा झाकणार? म्हणजे बंद करायचं कारण निघालं ते हे, माझी अक्कल नव्हे. पंढरपूरची वारी चुकली म्हणून त्या दिवशी बाबा टीव्हीसमोर टाळ घेऊन बसले, दम लागे, मग नुसता हातात धरून ठेवला. पूजा झाल्यावर माझ्या कपाळाले बुक्का लावला. मी पाया पडलो अन् उठताच येईना.

नंतर एका रात्री कॅलेंडरच्या मागं हिशेब लावला, तो ऐक अन् मले शिव्या दे. एका अंड्यात प्रोटीन साधारण 6 ग्रॅम. अकरा अंड्यांचे 66. आता मूठभर शेंगदाणे, म्हणजे 25 ग्रॅम, त्यातही सहाच. म्हणजे पाव किलो फल्लीदाण्यासाठी मी बापाची माळ बाटवली! अंड्याचं प्रोटीन अंगाले जास्त लागते, डॉक्टर म्हणे ते खरं. पण ज्वारीत जे कमी ते डाळीत असते अन् डाळीत जे कमी ते ज्वारीत, भाकर-वरण सोबत खाल्लं की काम भागते. बाबा हेच तर साठ वर्षं खाऊन राहिले. मी ते वाढवून द्यायचं सोडून चोरी केली.

अन् सगळ्यात मोठी गंमत, कोठ्याच्या भिंतीपलीकडं आपल्याच सोयाबीनचं पोतं. शंभरातले छत्तीस-चाळीस ग्रॅम प्रोटीन. सारं शिवार पेरते, एक दाणा घरात शिजत नाही, मंडीत विकतो अन् किराण्यातून त्याच्याच वड्यांचं पाकीट आणतो. आता सोयाबीन उकळून, वाळवून, दहा किलो गव्हात एक किलो दळून आणतो. कच्चं दळलं की पचत नाही, पोट धरून बसावं लागते. चक्कीवाला कुरकुर करते, त्याले अर्धा किलो पीठ दिलं की गप.

बाकी बाबाले दात नाही म्हणून दाण्याचा कूट, सातूचं पीठ दुधात गूळ घालून, जवस भाजून कुटून (अख्खं जवस तसंच बाहेर पडते, सकाळी दिसते, जास्त सांगत नाही), वरणावर लिंबू, अन् जेवणानंतरचा चहा एक तास लांब. लिंबानं डाळीतलं लोह अंगाले लागते, चहानं अडते. त्या चहावरून जे महाभारत झालं ते भेटीत सांगतो. गावभर वैद्य तर विचारू नको. कोणी गुळवेलचा काढा आणला, कोणी हळदीच्या कॅप्सूल. अरे, वायगावची हळद आपल्या तालुक्यातली, 2016 मध्ये जीआय, म्हणजे गावाच्या नावाचा सरकारी शिक्का, मिळालेली, ती भाजीत रोज पडतेच. आशाताईनं दोन्ही उचलून ठेवले. टीबीच्या गोळ्यांचा भार आधीच लिव्हरवर आहे, त्यात असले अर्क नको, हळद फोडणीतली बस्स.

परवा वजन केलं, 44. बाबा काट्यावरून उतरून म्हणाले, "पाहा, बिना अंड्याचं झालं." आशाताई हसल्या, डॉक्टर हसले. मी पण हसलो बे. काय करू?

सेवाग्रामची ट्रिप आठवते? बापूंच्या बकरीची गोष्ट सांगून राहिले होते अन् तू विचारलं, बकरी कोणत्या खोलीत झोपे, अन् ड्रिल मास्तरांनी कानाखाली दिली. ती गोष्ट मले आता रोज आठवते. गांधीजींनी दूध सोडलं होतं, मग मरणाचे आजारी पडले, अन् कस्तुरबा म्हणाल्या तुमचा नेम गाई-म्हशीच्या दुधाचा, बकरीचं घ्या. त्यांनी घेतलं, अन् शब्द पाळला पण त्यातला जीव गेला म्हणून जन्मभर मनाले लावून घेतलं. पण त्यांले माहीत होतं ना पेल्यात काय आहे. कस्तुरबांनी विचारलं, त्यांनी हो म्हटलं. नेम त्यांचा, मोडायचा की वाकवायचा तेही त्यांनीच ठरवलं. मी बाबाले विचारलंच नाही. विचारलं असतं तर नाही म्हटलं असतं हे माहीत होतं म्हणून विचारलं नाही.

आता सांगू का? बायको म्हणते कोर्स पूर्ण होऊ दे, डिसेंबरपर्यंत गप राहा, रागात गोळ्या सोडल्या तर? ते बरोबर आहे. पण न सांगता मी त्यांच्यासमोर हरिपाठाले बसून राहिलो रोज, टाळ वाजवून राहिलो. तू तिथं असता तर दोन शिव्या देऊन काही तरी सांगितलं असतं.

तुझ्या फ्लॅटचं पझेशन झालं का? कंपनीत शिफ्ट बदलली का? पोरीचं नाव माझ्या आईच्या नावावरून ठेवलं हे ताईकडून कळलं. त्यावर काही लिहीत नाही, कोठ्यात बसून रडलो तर बैल बिचकतील. वहिनीले नमस्कार.

पोळा आठ दिवसांवर आहे. तान्ह्या पोळ्याले पोरीले घेऊन ये, आता काही भीती नाही, डॉक्टरले विचारून घेतलं. लाकडी नंदी मी करून ठेवतो. तू विषय काढू नको, नुसता बाजूले बस.

कारण काल रात्री बाबा म्हणाले, "मन्या, कार्तिकी झाली की लसूण घालून ते मऊ बेसन कर रे पुन्हा." मी हो म्हटलं. कार्तिकीले अडीच महिने आहेत, त्याच्या आत तुले यावं लागते.

तुझा,
मन्या