‘४५ मिनिटांत चार्ज’ म्हणजे कुठून कुठपर्यंत?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत इलेक्ट्रिक गाडीने लांब पल्ल्याला जाण्यावर लेख आला, वाचून बरं वाटलं, पण त्यात गाडी ‘४५ मिनिटांत चार्ज होते’ असं एका ओळीत उरकलंय आणि पुढे अर्धा कॉलम टचस्क्रीनवर घालवलाय, म्हणून हे पत्र. अहो ती ४५ मिनिटं बहुतेक वेळा १० ते ८० टक्क्यांची असतात, ती पण गाडीला झेपेल तेवढी पॉवर देणाऱ्या डीसी फास्ट चार्जरवर. उरलेल्या २० टक्क्यांना कधी कधी तेवढाच वेळ जातो हे कुणी लिहीतच नाही. कळशी काठाला आली की आपण नळ बारीक करतो ना, तसंच आहे, बॅटरी भरत आली की सेलना इजा होऊ नये म्हणून गाडी स्वतःच करंट कमी करत जाते, चार्जर कितीही मोठा असो.

आता माझं सांगतो. मागच्या ट्रिपला अ‍ॅपवर ६० किलोवॅटचा चार्जर बघून थांबलो, गाडीत १२ टक्के, बॅटरी ४५ युनिटची, गाडी ५० किलोवॅटपर्यंत घेते, म्हटलं पाऊण तासात निघू. चार्जिंगची गन लावली तर स्क्रीनवर २९ किलोवॅट! बघतो तर शेजारच्या गनला अजून एक गाडी, चार्जर एकच आणि दोन गाड्या लागल्या की तो सरळ ३०-३० वाटतो. त्या गाडीच्या बाजूच्या स्क्रीनवर ९१ टक्के आणि ९ किलोवॅट. म्हणजे तिच्या वाटणीतले २१ नुसतेच पडून आणि मला मिळत नाहीत. मालक सीट मागे करून निवांत पडले होते, काच खाली केली तेव्हा विचारलं, पुढे किती जायचंय? म्हणाले ६० किलोमीटर. मग शंभर कशाला? तर, ‘फुल्ल असलं की बरं वाटतं हो.’

काय बोलणार, पहिल्या वर्षी मी पण हेच करायचो. पेट्रोलची सवय आहे ती, पंपावर गेलो की टाकी फुल्ल. ते गेल्यावर सुद्धा माझा आकडा २९ चा २९ च राहिला, शेवटी सेशन बंद करून परत चालू केलं तेव्हा कुठे ४७ झाला (ही युक्ती सगळीकडे चालेल असं नाही, पण करून बघायला काय जातं). तोपर्यंत अर्धा तास गेला होता.

प्लॅनिंग करताना लोक सगळ्यात जास्त गंडतात ते पहिल्या टप्प्यावरून पुढच्या टप्प्यांचा अंदाज बांधताना. घरून १०० टक्के घेऊन निघालो की पहिला टप्पा मोठा होतो, पण नंतर आपण ८० ला निघतो आणि १५ शिल्लक ठेवून पोचतो, म्हणजे हातात ६५ टक्केच. माझ्या गाडीचा हायवेला युनिटमागे ६ किलोमीटरचा हिशोब धरला तर पहिला टप्पा २३० चा आणि नंतरचे १७५ चे. कंपनीची रेंज ब्रोशरमध्येच राहू द्या. त्यात वेग ८० चा ११० केला की हवेचा विरोध जवळजवळ दुप्पट होतो. चढ असेल तर अजून वेगळं, १६०० किलोची गाडी १००० मीटर वर न्यायची तर फक्त उंचीपायी चार-साडेचार युनिट जातात, त्यातले बरेच उतरताना रीजनने (म्हणजे गाडीचा वेग आवरताना मोटरच बॅटरी भरते त्याने) परत येतात म्हणा, पण चार्जर माथ्यावर असेल तर त्या परत येण्याचा काय उपयोग! थंडीत बॅटरी गार असली की चार्जिंग पण हळू होतं, ज्या गाड्यांमध्ये बॅटरी आधी गरम करायची सोय आहे त्यांनी नॅव्हिगेशनमध्ये चार्जरच टाकावा, म्हणजे पोचेपर्यंत गाडी बॅटरी गरम करून ठेवते.

आणि चार्जर एकच धरून निघूच नये, पुढचा एक गाठता येईल एवढं शिल्लक ठेवूनच पोचायचं. अ‍ॅपवर हिरवा ठिपका दिसला म्हणून खूश होऊ नका, तिथे शेवटचं चार्जिंग कधी झालंय ते बघा. मुक्काम असेल तिथे ७ किलोवॅटचा साधा एसी पॉइंट मिळाला तरी रात्रीत काम होतं, शंभर टक्क्यांची हौस तिथे फेडावी, एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीवाल्यांना तर अधूनमधून शंभर करायला कंपनीच सांगते.

विनंती एवढीच की पुढच्या वेळी गाडीचा रिव्ह्यू छापताना ‘इतक्या मिनिटांत चार्ज’ असं न लिहिता अर्ध्या तासात हायवेचे किती किलोमीटर पदरात पडतात ते छापा, आणि ८० ते १०० ला किती वेळ लागला ते पण, घड्याळ लावून. चार्जर किती किलोवॅटचा होता आणि दुसऱ्या गनला कुणी होतं का, हे सुद्धा लिहिलंत तर फार बरं होईल.

आपला,
चार्जरवर बसून पेपर वाचणारा एक वाचक