मेघ या घोड्याच्या मालकांना, त्यांच्या बारगिराचे आभारपत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

तुमचे नाव कुठेही येऊ नये असे तुम्ही बजावले आहे, म्हणून ते लिहीत नाही. आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत, कारण घोडा लीजवर, म्हणजे दुसऱ्याचा घोडा ठरलेल्या दिवशी खर्चाचा वाटा उचलून, घेऊ पाहणाऱ्याला खर्चाचा आकडा कुणीही सांगतो, पण मालकाशी कसे जुळवून घ्यावे हे कुणी सांगत नाही, आणि मला ते दोन वर्षे तुमच्या तबेल्यात शिकायला मिळाले.

मराठ्यांच्या घोडदळात स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार आणि सरकारी पागेतल्या घोड्यावर बसणारा तो बारगीर. पहिल्या दिवशी तुम्ही मला ‘आमची बारगीर’ म्हणालात, तेव्हा मला त्या शब्दाचे कौतुक वाटले. त्यातली जबाबदारी करार वाचताना कळली. मंगळवार, गुरुवार, शनिवार माझे, सोमवारी मेघला विश्रांती आणि उरलेले तीन दिवस तुमचे. दर ६ आठवड्यांनी येणाऱ्या नालबंदाचा खर्च निम्मा-निम्मा, तर धनुर्वाताची आणि इन्फ्लुएंझाची लस तुमच्याकडे. उड्या घ्यायच्या नाहीत, कारण शर्यतीच्या दिवसांत मेघच्या उजव्या पुढच्या पायाची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) दुखावली होती. शर्यतीचा घोडा बहुधा पाच-सहा वर्षांचा असतानाच मैदानातून बाहेर पडतो आणि पुढे वीस वर्षे जगू शकतो. ती वर्षे त्याला सुखाची जावीत यासाठी प्रत्येक अट होती, आणि सही करण्यापूर्वी तुम्ही प्रत्येकीचे कारण मला समजावून सांगितलेत.

गेल्या पावसाळ्यातली ती रात्र मला विसरता येत नाही. नेहमीची चंदी, म्हणजे घोड्याचा दाणा, संपली होती, घोड्याची देखभाल करणारा मोतद्दार गावी गेला होता, आणि तुम्हाला न विचारता मी दुसऱ्या दुकानातून वेगळा दाणा आणून मेघला पूर्ण माप घातले. घोड्याला उलटी करता येत नाही आणि त्याच्या आतड्याला नवा दाणा हळूहळू, आठवडा-दहा दिवसांत, सवयीचा करावा लागतो, हे मला तेव्हा माहीत नव्हते. रात्री तो पाय आपटू लागला, वळून पोटाकडे पाहू लागला, बसू-उठू लागला. मी घाबरून फोन केला, तेव्हा तुमचा पहिला प्रश्न ‘काय खायला घातलेस?’ हा नव्हता. ‘शेवटची लीद कधी टाकली?’ हा होता. तुम्ही आलात, त्याच्या कुशीला कान लावून पोटातला आवाज ऐकलात, जबड्याखाली बोटे ठेवून नाडी मोजलीत. एरवी चाळिशीच्या आत असणारी नाडी साठीला पोहोचली होती. डॉक्टरांनी वेदनाशामक इंजेक्शन दिले, नाकातून नळी घालून पोटात लिक्विड पॅराफिन सोडले, आणि त्यांच्या सांगण्यावरून आपण दोघांनी आळीपाळीने त्याला चालवले. पहाटे चारच्या सुमारास त्याने लीद टाकली आणि तुम्ही मला घरी जाऊन झोपायला सांगितलेत.

त्या रात्री तुम्ही मला एका शब्दानेही दुखावले नाही, याहून मोठे मला पुढचे वाटते. दोन दिवसांनी, आजूबाजूला कुणी नसताना, तुम्ही माझी चूक स्पष्ट शब्दांत सांगितलीत, आणि दाण्याबद्दलची अट कागदावर नव्हती ही तुमची स्वतःची चूक आहे असेही म्हणालात. मग स्वतःच्या हाताने करारात एक ओळ वाढवलीत आणि आपण दोघांनी तिच्याखाली सह्या केल्या. अशा प्रसंगानंतर करार मोडणाऱ्या मालकालाही मी दोष दिला नसता.

खोगीर मेघच्या पाठीला घासते आहे असे मी भीत भीत सांगितले, तेव्हाही तुम्ही आधी त्याच्या खांद्यामागे हात फिरवून पाहिलेत आणि वीस वर्षे वापरलेले ते खोगीर त्याच दिवशी बाजूला काढलेत. मालकी तुमची असूनही माझ्या म्हणण्याला तुम्ही मान दिलात, हे मी जपून ठेवले आहे.

बदलीमुळे या महिन्याअखेरीस माझा करार संपतो. मेघच्या सवयींची वही मी पूर्ण केली आहे आणि ती नव्या मुलीला द्यावी ही विनंती. डाव्या बाजूने खरारा (अंग घासून साफ करणे) सुरू केला की तो कान मागे टाकत नाही, आणि कुंपणाजवळच्या निळ्या ताडपत्रीला अजूनही बुजतो. नालबंद १४ तारखेला येणार आहे. माझा निम्मा वाटा वहीतल्या पाकिटात ठेवला आहे.

तुमची कृतज्ञ,
मेघची बारगीर