आईच्या पोटऱ्या

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर आईने 'बघू गं' म्हणून विषय बदलला असता, म्हणून लिहितेय. शनिवारी गाडी घेऊन येते. पुढचे तीन महिने तुम्ही दोघं पुण्यात, माझ्याकडे. डॉक्टरांशी बोलून ठरवलंय. हट्ट म्हणा हवं तर, पण तिथे रोज चालवून घेणारं कोणी नाही आणि आई, तू एकटी चालणार नाहीस.

आई, तो वात नाही. चढावर पोटरी आवळते आणि पारावर टेकलीस की सुटते, म्हणजे पायाला रक्त कमी पोचतंय. घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा, हे ०.९ किंवा त्याखाली आलं की पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचा आजार धरतात. तुझं ०.७ आलंय. घाबरू नकोस, पाय कुठेही जात नाही.

मावशीने सांगितलेल्या हार्मोनच्या गोळ्या मात्र घ्यायच्या नाहीत. पाळी गेल्यावर त्यांनी रक्तवाहिन्या चांगल्या राहतात, हे तिचं म्हणणं अगदीच खोटं नाही. रक्तवाहिनीच्या अस्तरात इस्ट्रोजेनचे, म्हणजे बायकांच्या हार्मोनचे, रिसेप्टर असतात, म्हणजे ते चिकटायच्या जागा. इस्ट्रोजेन तिथे चिकटलं की नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार होतो, त्याने नळी सैल राहते, दाह म्हणजे आतली सूजही आटोक्यात राहते. पाळी गेली की हे बळ ओसरतं. पण एकदा पांढऱ्या पेशी आणि चरबी भिंतीत ठाण मांडून बसल्या की बाहेरून हार्मोन देऊन त्या उठत नाहीत. अमेरिकेत हजारो बायकांना या गोळ्या देऊन पाहिल्या. पायाच्या रक्तवाहिन्यांना फायदा दिसला नाही. गुठळ्या, पक्षाघात, स्तनाचा कर्करोग मात्र वाढले, म्हणून २००२ मध्ये तो प्रयोग मध्येच थांबवला. मावशीला मी सांगेन, तू वाईटपणा घेऊ नकोस.

स्टॅटिनची गोळी चुकवायची नाही, ती चरबीबरोबर दाहही उतरवते. बाकी औषध म्हणजे चालणं: दुखेपर्यंत चाल, थांब, पुन्हा चाल. ३० ते ४५ मिनिटं, आठवड्यातून तीनदा तरी. याच पोटऱ्यांवर मला कडेवर घेऊन शाळेचा चढ चढायचीस, आता माझा हात धर.

तुझी खोली तळमजल्यावर आहे. देवांना कोनाडा केलाय, गवती चहाची कुंडी दारातच. बाबा, तुमचा पेपर सातला येतो.

आणि बाबा, रागावू नका, पण विडी इथे चालणार नाही. ओसरीवर ओढली तरी धूर आत तिच्यापर्यंत येतोच. आई, मिश्रीही तंबाखूच. अंगणात अनवाणी जायचं नाही, पायाला गरम पाण्याची पिशवी लावायची नाही. भाजलं तर जखम लवकर भरत नाही.

जुने रिपोर्ट लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात आहेत, ते काढून ठेवा. गाय काकांकडे, त्यांच्याशी बोलून झालंय.

तुमची,
ताई