भोपळ्याचे वजन वेलीवरच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापुरातील कृषी प्रदर्शनांत मोठा भोपळा दिसला की छायाचित्रे निघतात, पण तो कसा वाढला याची नोंद कोणी मागत नाही. परदेशांत, जिथे २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातील स्पर्धेत सुमारे १,२४७ किलोंचा भोपळा आला, तिथले उत्पादक फळ वेलीवर असतानाच त्याचा आडवा घेर, तसेच देठापासून फुलाच्या टोकाकडे आणि एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे, जमिनीपासून जमिनीपर्यंत, फळावरून टेप टाकून तीन मापे घेतात आणि त्यांच्या बेरजेवरून तक्त्यात अंदाजी वजन पाहतात. गर जाड असल्यास प्रत्यक्ष वजन अधिक भरते, हे खरे. तरीही रोजची वाढ कळणे मला अंतिम आकड्याहून मोलाचे वाटते. तो तक्ता आपल्या चपट्या लाल भोपळ्याला लागू पडणार नाही, म्हणून प्रदर्शनाच्या आयोजकांनी मापे व काट्यावरचे वजन दोन्ही नोंदवून घ्यावे.

एक भाजीपाला उत्पादक, कोल्हापूर