फिजिओ मॅडम, खरं सांगितलंत म्हणून

आदरणीय फिजिओ मॅडम,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. तुमचं आणि केंद्राचं नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही हे ठाऊक आहे. पण ज्या घरात नुकताच कुणी व्हीलचेअरवर आलाय, त्या घरापर्यंत हे पोचावं असं फार वाटतं.

आंबे उतरवताना झाडावरून पडून मणका मोडणं आमच्या कोकणात नवीन नाही. मी त्यातलाच. डी-10 ला, म्हणजे पाठीच्या दहाव्या मणक्याला मार, बेंबीच्या खाली काही कळत नाही. मी खाटेवर असतानाच भावाला मोबाइलवर तो व्हिडिओ दिसला: पायांना यंत्र बांधलेला माणूस कुबड्या टेकत चाललाय. घरात लगेच ठरलं, अर्धी कलमं विकायची आणि यंत्र आणायचं. गिऱ्हाईकसुद्धा बघून झालं होतं.

तेव्हा तुम्ही भावाला आणि माझ्या बायकोला समोर बसवून जे सांगितलंत, त्यासाठी हे आभार.

यंत्राने मज्जारज्जू जोडला जात नाही, हे तुम्ही आधी सांगितलंत. कंबर आणि गुडघ्यांपाशी मोटर, त्यांना चालवणारी बॅटरी. अंग जरा पुढे झुकवलं की सेन्सरला कळतं आणि पाऊल पडतं. तोल मात्र कुबड्यांवर आपणच सांभाळायचा, म्हणजे खांदे आणि हात भक्कम हवेत. पायांवर भार न पडल्याने हाडं विरळ होतात, म्हणून आधी त्यांची तपासणी. सांधे आखडलेले नकोत, बेडसोर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, नको. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या एफडीएने 2014 मध्ये रीवॉक हे यंत्र घरी वापरायला मान्यता दिली, तीही शिकवून तयार केलेला माणूस सोबत असेल तरच, हेही तुम्ही सांगितलंत. मग क्लेअर लोमस या इंग्लंडमधल्या बाईंची गोष्ट. छातीखाली संवेदना नसताना 2012 साली त्यांनी रीवॉक घालून लंडन मॅरेथॉन पूर्ण केली, 16 दिवसांत. आम्ही सगळे भारावलो. तुम्ही शांतपणे म्हणालात, "जिद्द मोठीच. पण वेगही लक्षात घ्या. यावर बाजारहाट होणार नाही."

आणि मग स्पष्ट म्हणालात, कलमं विकू नका. चांगली व्हीलचेअर घ्या, उशी चांगली घ्या, न्हाणीघराचं दार रुंद करा, पडवीला उतार बांधा. हे सांगायला धीर लागतो मॅडम. दुखावलेल्या घराला आशा विकणं सोपं असतं, आणि ती विकणारे आम्हाला भेटले होते.

तरी केंद्रातल्या यंत्रावर तुम्ही मला उभं केलंतच. आधी टिल्ट टेबल, म्हणजे पट्ट्यांनी बांधून माणसाला हळूहळू उभं करणारं टेबल, कारण उभं करताच रक्तदाब उतरून डोळ्यांपुढे अंधारी यायची. मग पट्टे आवळताना प्रत्येक जागी तुमचा हात फिरायचा. मला टोचलेलं कळत नाही, म्हणून माझ्या वतीने तुम्ही बघायचात. मोटरचा आवाज झाला आणि मी वर गेलो. बायको माझ्या खांद्याला लागते, हे मी विसरून गेलो होतो. तिच्या भांगाकडे वरून बघत राहिलो. तुम्ही म्हणालात, "बघून झालं की छाती पुढे घ्या." पाऊल पडलं. पायांचं ते ओढणं, थरथरणं त्या रात्री पुष्कळ कमी होतं, पोटही पुढे सुधारलं. एवढं मिळालं तरी माझ्यासाठी ते फार होतं.

पण सगळ्यात जास्त आभार शेजारच्या खाटेवरच्या पोराच्या वतीने. त्याची मान मोडलेली, बोटांत जोर नाही, कुबडी धरता येत नाही. मी चालून आलो की तो भिंतीकडे तोंड करायचा. तुम्ही त्याच्यापाशी बसून अमित गॉफर यांच्याबद्दल सांगितलंत. इस्रायलचे इंजिनिअर, 1997 च्या अपघातात हातापायांतली ताकद गेली, आणि त्यांनीच हे रीवॉक घडवलं. पण हातांत पुरेशी ताकद नसल्याने स्वतःचंच यंत्र त्यांना वापरता येईना! म्हणून पुढे त्यांनी माणसाला उभं करून चाकांवर फिरवणारी खुर्ची बनवली आणि तिच्यात स्वतः उभे राहिले. दुसऱ्या दिवशी तुम्ही त्या पोराला टिल्ट टेबलवर खिडकीसमोर उभं केलंत, आणि पुढेही आमच्या सगळ्यांच्या आधी त्याचा नंबर लावत राहिलात. यंत्र ज्याच्या मापाचं नाही, त्याचाही उभं राहण्यावर हक्क आहे, हे तुम्ही तोंडाने कधी म्हणाला नाहीत, रोज करत राहिलात.

कलमं आहेत. पेटीचे हिशेब मी बघतो, घरात कॅलिपर, म्हणजे पायांना ताठ धरणारे आधार, बांधून वॉकरवर रोज थोडा उभा राहतो. यंदा शेजारच्या वाडीतला एकजण माडावरून पडला. त्याचे वडील खळ्यात येऊन विचारत होते, मशीन केवढ्याला पडतं? मी त्यांना बसवलं आणि तुम्ही सांगितलं होतं ते सगळं सांगितलं. तुमच्याकडे ते सोमवारी येतील. जमीन गहाण टाकायचं त्यांच्या मनात आहे. त्यांच्याशी जरा वेळ काढून बोला.

आपला,
खिडकीजवळच्या खाटेवरचा पेशंट