टाकीचे सिलिकॉन न सुकल्याबद्दल आणि त्याचा दोष कोकणच्या हवेवर ढकलल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय : मुदत उलटलेल्या सिलिकॉन सीलंटमुळे काचेची टाकी फुटल्याबाबत व नुकसानभरपाई मिळण्याबाबत.

महोदय,

मी मालवण तालुक्यातील एका खाडीकाठच्या गावात राहतो आणि गेली बारा वर्षे घरीच काचेच्या टाक्या जोडून त्यांत मासे पाळतो. आजवरच्या दोन फुटी आणि तीन फुटी टाक्या मी आपल्याच कंपनीच्या सिलिकॉनने जोडल्या असून त्यांपैकी सर्वांत जुनी टाकी आजही आमच्या पडवीत पाण्याने भरलेली आहे. त्यामुळे हे पत्र आपल्या मालावर पूर्ण विश्वास टाकणाऱ्या ग्राहकाचे आहे, हे आधी नमूद करतो. माझ्या पहिल्या तक्रारीला आपण ९ डिसेंबर २०२४ रोजी ईमेलने उत्तर दिलेत. कोकणातील दमट हवेमुळे सिलिकॉन नीट सुकले नसावे आणि त्यात उत्पादनाचा दोष नाही, असे त्यात म्हटले आहे. हे उत्तर मला मान्य नाही.

आमच्या खाडीत मिळणारे कालुंदर मासे पाळण्यासाठी मी सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी टाकी करायला घेतली. काच १२ मिलिमीटर जाडीची, कडा घासून घेतलेली. खाली जांभ्या दगडाचा चौथरा बांधून तो पाणसळीने पाहून सपाट केला आणि त्यावर थर्मोकोलचे जाड पत्रे अंथरले. कणकवलीच्या एका हार्डवेअरच्या दुकानातून आपल्या सिलिकॉनच्या २८० मिलिलिटरच्या पाच नळ्या आणल्या. त्यांवर 'मत्स्यालयासाठी योग्य' असे ठळक छापलेले आहे. ९ नोव्हेंबरला भर दुपारी, काचांच्या कडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून आणि मास्किंग टेप लावून जोडकाम केले. एरवी नळी उघडताच व्हिनेगरसारखा उग्र वास नाकात शिरतो. या खेपेस तो फारच मंद होता. त्याच वेळी मी थांबायला हवे होते, असे आता वाटते. नळीवर पाणी भरण्यापूर्वी सात दिवस थांबण्याची सूचना आहे; टाकी मोठी म्हणून मी पंधरा दिवस थांबलो.

२४ नोव्हेंबरला टप्प्याटप्प्याने पाणी भरायला घेतले. पाणी १८ इंचांवर आले तेव्हा समोरच्या काचेच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात सिलिकॉन बाहेरच्या बाजूला फुगलेले दिसले. पाइप बंद करायला मी नळाकडे धावलो, तेवढ्यात समोरची काच तळापासून सुटली, पडवीच्या पायरीवर आपटली आणि फुटली. तळाच्या काचेलाही आरपार तडा गेला. त्या वेळी टाकीत ४८० लिटरच्या वर पाणी होते आणि त्या एका काचेवर सुमारे १८० किलो भार होता. माझी सहावीतली मुलगी पाण्याची उंची मोजायला टेप घेऊन त्याच काचेपुढे बसली होती. मी हाक मारली म्हणून ती क्षणभर आधी उठली. टाकी पूर्ण भरेपर्यंत सिलिकॉनने तग धरला असता, तर हाच भार ३२० किलोच्या घरात गेला असता. हे आठवले की आजही माझ्या अंगावर काटा येतो.

सुटलेला सांधा मी ब्लेडने कापून पाहिला. वरची साय रबरासारखी झाली होती, पण आतला भाग नखाने दाबला की टूथपेस्टसारखा पसरत होता आणि ती पेस्ट दोन्ही काचांना तशीच चिकटून राहिली होती. काच ओली राहिली असती, तर सिलिकॉन काचेवरून पट्टीसारखे सोलून निघाले असते. येथे ते काचेला चिकटले होते, फक्त आतून कधी सुकलेच नव्हते.

आता दमट हवेबद्दल. आपले हे सिलिकॉन अॅसिटॉक्सी प्रकारचे आहे. ते हवेतले बाष्प घेऊनच घट्ट होते, त्या क्रियेत अॅसिटिक आम्ल बाहेर पडते म्हणून तो वास येतो, आणि साधारणपणे दिवसाला दोन-तीन मिलिमीटर या गतीने ते बाहेरून आत सुकत जाते. बाष्प मिळाले नाही तरच ते सुकायचे राहते. मग आमची हवा त्याला बाधली कशी? तरीही माझ्याच म्हणण्यावर विसंबू नये म्हणून मी त्याच दुकानातून आपलीच एक ताजी नळी आणली आणि काचेच्या एकाच तुकड्यावर, त्याच पडवीत, जुन्या आणि नव्या सिलिकॉनच्या सहा मिलिमीटर जाडीच्या रेघा शेजारी शेजारी ओढल्या. चौथ्या दिवशी नवी रेघ आतपर्यंत सुकली होती. जुनी दहाव्या दिवशीही बोटाला लागत होती. हवा दोघींना एकच होती.

फरक कशाचा, ते जुन्या नळ्यांवर सापडले. उत्पादनाच्या तारखेवर किमतीचे स्टिकर चिकटवलेले होते. ते कोमट पाण्याने भिजवून काढल्यावर खाली जानेवारी २०२३ असे छापलेले निघाले. आपणच बारा महिन्यांची मुदत दिलेली असताना मी वापरलेला माल बावीस महिन्यांचा होता. पॅकबंद मालावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष स्पष्ट दिसलेच पाहिजे, हे वैध मापनशास्त्राच्या २०११ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. ते स्टिकर दुकानदाराने लावले, वितरकाने की आपल्या गोदामात लागले, हे शोधणे आपले काम आहे. पाचही नळ्या, स्टिकरांसह, आणि रेघांचा काचेचा तुकडा मी जपून ठेवला असून आपला प्रतिनिधी कधीही येऊन पाहू शकतो. बिलाची प्रत आणि छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

नळ्यांचे १,२०० रुपये आणि दोन काचा, कडाघासणी व टेंपोभाडे यांचे ६,८०० रुपये असे ८,००० रुपये मला मिळावेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या बॅचचा उरलेला माल कणकवली, मालवण, कुडाळ परिसरातील दुकानांतून तातडीने परत घ्यावा, कारण याच नळ्या नेऊन आणखी कोणी आपल्या घरात टाकी जोडत असेल आणि तिच्यापुढेही एखादे मूल बसत असेल. तसेच ९ डिसेंबरचे उत्तर मागे घेतल्याचे लेखी कळवावे. हे पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये मी सिंधुदुर्ग जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

कळावे,

आपला ग्राहक
(सही)
तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग