पासिंग झाले, तपासणी राहिली

संपादक महोदय,

गणपती जवळ आले की मुंबई-ठाण्याहून कोकणात जाणाऱ्या जादा खासगी बसची जुळवाजुळव सुरू होते. एरवी शाळेला किंवा कंपनीच्या पाळीला धावणाऱ्या गाड्याही रात्रीच्या लांब पल्ल्याला लागतात. रस्त्यावर पथके उभी असतात. फिटनेस (गाडी धावण्यायोग्य असल्याचा दाखला), विमा, पीयूसी बघितले की गाडी सुटली. पण फिटनेस आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दोन वर्षांचा आणि त्यापुढे एका वर्षाचा मिळतो. पासिंगपुरते चांगले टायर लावून आणलेली बस दुसऱ्या दिवशी कोणत्या टायरवर धावते, हे त्या कागदाला काय ठाऊक? आज रात्री ही गाडी निघण्याजोगी आहे का, हे फक्त चालक सांगू शकतो. त्यासाठी त्याला वीस-पंचवीस मिनिटे हवीत. एक फेरी संपवून आलेली बस झाडून-पुसून तासाभरात पुन्हा प्रवासी घ्यायला उभी राहते, तिथे ती मिळत नाहीत.

टायर गार असतानाच बघायचे असतात. मागच्या जोडचाकांत आतल्या टायरची हवा गेली तरी बाहेरचा टायर गाडी उचलून धरतो, त्यामुळे लांबून काहीच कळत नाही. बाहेरच्यावर दुप्पट भार येतो आणि आतला चेमटत, घासत तापून पेटूही शकतो. क्लीनर पान्याने ठोकून आवाज ऐकतो. पूर्ण बसलेला टायर त्याने कळेल, वीस पौंडांनी उतरलेला कळणार नाही. त्याला हवा मोजायचा गेजच लावावा लागतो. ‘गरम झाल्यावर हवा वाढतेच’ म्हणून आधीच कमी भरणे किंवा ढाब्यावर तापलेल्या टायरची हवा सोडणे हा तर उलटा उद्योग आहे. कमी हवेत टायरची बाजू सतत दुमडते, त्यानेच तो तापतो आणि फुटतो. टायरच्या नक्षीची खोली कायद्याने किमान १.६ मिलिमीटर हवी. खाचांमधले उंचवटे नक्षीच्या पातळीला आले की टायर संपला. बाजूवर कोरलेले शेवटचे चार आकडे वाचावेत. ‘२३१९’ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी शाबूत असली तरी रबर वाळून भेगाळलेला टायर, किंवा रिमोल्ड केलेला, म्हणजे जुन्यावर नवी नक्षी चढवलेला, पुढच्या चाकाला नको. आणि नटापासून रिमवर तांबूस गंजाची रेघ ओघळलेली दिसली तर तो नट बहुधा ढिला आहे. हे बघायला टॉर्च पुरते.

हवेच्या ब्रेकची परीक्षा सोपी आहे, पण ती सहसा होत नाही. हवेच्या टाक्या पूर्ण भरल्यावर चाकांना ठोकळे लावावेत, इंजिन बंद करून हँडब्रेक सोडावा आणि पेडल दाबून मिनिटभर धरावे. दाबाची सुई घसरतच राहिली तर गळती आहे, आणि क्लीनर खाली कान देऊन उभा असेल तर फुसफुस कुठून येते तेही सांगेल. मग पेडल पुन्हा पुन्हा मारून हवा उतरवावी. धोक्याचा बझर वाजलाच पाहिजे. सतत वाजतो म्हणून बझरची वायरच काढून ठेवणारे महाभाग असतात! पावसाळ्यात टाकीखालचा कॉक रोज उघडायला हवा. साठलेले पाणी हवेची जागा खाते आणि वाल्व गंजवते. पाण्याबरोबर बरेच तेल आले तर कॉम्प्रेसर दाखवून घ्यावा.

घाटातला धोका वेगळा. ब्रेकचे लायनर झिजले आणि ती झीज भरून काढणारे स्लॅक अ‍ॅडजस्टर जुळवले नाहीत की पुशरॉडची, म्हणजे हवेने ब्रेक ढकलणाऱ्या दांड्याची, चाल वाढते. सपाटीवर तरीही ब्रेक लागतो, म्हणून कुणी मनावर घेत नाही. कोकणच्या वाटेवरचा परशुराम किंवा भोस्ते घाट उतरताना चाकातला ब्रेकचा ड्रम तापून फैलावतो, उरलीसुरली चालही संपते आणि पेडल दाबूनही गाडी धरत नाही. बसखाली वाकून प्रत्येक चाकाची चाल बघण्याला पर्याय नाही.

आगीबद्दल नव्याने सांगायला नको. ८ ऑक्टोबर २०२२ ला नाशिकला आणि १ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस पेटून काय झाले ते सर्वांना आठवते. सिंदखेडराजाला बस दाराच्याच बाजूवर कलंडली आणि २५ जण गेले. म्हणून संकटकाळी दार आहे एवढे पुरत नाही. निघण्यापूर्वी ते आतून आणि बाहेरून उघडून बघावे, त्याच्यासमोर सामान नसावे आणि काच फोडायच्या हातोड्या खिडक्यांशीच असाव्यात. चोरीला जातात म्हणून चालकाच्या केबिनमध्ये कुलपात नकोत. अग्निशामकाची सुई हिरव्या पट्ट्यात हवी. नंतर बसवलेले चार्जर, टीव्ही, रंगीत दिवे यांची वायरिंग आणि फ्यूजपेटी उघडून बघावी. उडालेल्या फ्यूजच्या जागी तार गुंडाळलेली दिसली तर गाडी तिथेच थांबवावी.

अमेरिकेत बस चालवण्याचा परवाना काढताना ही तपासणी करून दाखवावी लागते. आपल्याकडे असुरक्षित गाडी चालवणारा आणि चालवू देणारा, दोघेही मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली दोषी ठरतात. प्रत्यक्षात ‘ब्रेक बरोबर नाही, नेत नाही’ म्हणणाऱ्या चालकाची फेरी दुसऱ्याला दिली जाते. म्हणून प्रत्येक फेरीआधी एक तपासणी तक्ता सक्तीचा करावा. त्यात आधीच्या चालकाने नोंदवलेला दोष, तो काढणाऱ्या मेकॅनिकची सही आणि नव्या चालकाची सही असावी. दोष तसाच असेल तर मालकाच्या सहीशिवाय गाडी हलू नये. पथकांनी फिटनेसच्या आधी हा तक्ता मागावा आणि निदान दहातल्या एका बसला आतल्या टायरला गेज लावून, संकटकाळी दार स्वतः उघडून बघावे.

— वाहन देखभाल व्यवसायातील एक वाचक, पनवेल